भरकटलेल्या गोल्फ चेंडूंचा तज्ज्ञ अहवाल: सात महिने वापरल्यानंतर

बॉस्टनच्या पश्चिमेला, गोल्फ कोर्सला लागून आमचं घर आहे. एका लांब होलच्या, म्हणजे पहिला फटका मारतात तिथपासून खड्ड्यापर्यंतच्या पट्ट्याच्या, उजव्या अंगाला. घर घेतलं ते नोव्हेंबरात. तेव्हा खेळ बंद झाला होता आणि मागच्या डेकवरून दिसणारी हिरवळ पाहून आम्ही दोघंही हरखलो होतो. एप्रिलात मैदान उघडलं आणि पहिल्याच शनिवारी छपरावर ठण्णकन काहीतरी आपटलं.

त्या मोसमात आमच्या हद्दीत ११४ चेंडू आले. दोन खिडक्या फुटल्या, साइडिंगला, म्हणजे बाहेरच्या भिंतींवरच्या आवरणाला, चार भोकं पडली. जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून आले होते. आई रोज सकाळी डेकवरच्या तुळशीला पाणी घालायची. एकदा पाणी घालून ती आत वळली, दार ओढलं आणि मागे कुंडीचे तुकडे झाले. उरलेला उन्हाळा तिने खिडकीच्या आतूनच तुळशीला हात जोडले. मला खर्चापेक्षा ते जास्त लागलं.

आमच्या आणि शेजारच्या दोन घरांनी मिळून चेंडूच्या उड्डाणाचं विश्लेषण करणारा तज्ज्ञ नेमला. तिघांत मिळून साडेआठ हजार डॉलर गेले. त्याने दिलेला अहवाल आणि त्यावरून झालेले बदल आम्ही या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत अनुभवले. फेअरवेलगतचं (होलच्या कापलेल्या हिरवळीलगतचं) घर घेतलेले किंवा घ्यायच्या विचारात असलेले बरेच मराठी लोक इकडे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी हे सांगते की तज्ज्ञाने आल्या आल्या टेप किंवा रडार काढलं नाही. माझी वही मागितली. मे महिन्यापासून मी प्रत्येक चेंडूची तारीख, वेळ, पडल्याची जागा, थेट आला की टप्पा खाऊन आला आणि वारा कुठून होता हे लिहून ठेवत होते. चेंडू फेकून न देता झिपच्या पिशव्यांत चिठ्ठीसकट ठेवले होते. खिडकीच्या चौकटीवरच्या आणि साइडिंगवरच्या खुणांचे फोटो पट्टी लावून काढले होते. शेजाऱ्यांकडे चेंडूंनी भरलेल्या दोन बादल्या होत्या, पण नोंद काहीच नव्हती. त्या बादल्या अहवालात एका ओळीत संपल्या. माझ्या वहीवर अकरा पानं झाली.

वहीला एवढं वजन का, हे आमच्या वकिलीणबाईंनी दोन जुन्या इंग्लिश खटल्यांवरून समजावलं. १९२२ साली केंटमधल्या एका प्रकरणात तेराव्या टीवरून (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा) मारलेला चेंडू रस्त्यावरच्या टॅक्सीवर आदळला आणि चालकाचा डोळा गेला. तिथे चेंडू वरचेवर रस्त्यावर जात होते, म्हणून क्लब जबाबदार ठरला. उलट १९५१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिलेलं मँचेस्टरचं प्रकरण क्रिकेटचं. षटकार मैदानाबाहेर गेला आणि रस्त्यावरच्या बाईंना लागला. पण तीसेक वर्षांत चेंडू जेमतेम सहा वेळा बाहेर गेला होता. क्लब सुटला. इजा दोन्हीकडे खरीच होती, फरक होता तो किती वेळा घडतं याचा. आणि ते सांगणारं आमच्याकडे माझ्या वहीशिवाय दुसरं काही नव्हतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये याला आणखी एक पदर आहे. इथल्या किंग्स्टन गावातल्या, अशाच चेंडूंनी त्रासलेल्या एका कुटुंबाला २०२१ साली ज्यूरीच्या निकालाने व्याजासकट जवळजवळ ४९ लाख डॉलर मंजूर झाले होते. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. कारण त्या वसाहतीच्या कागदपत्रांतच मैदान वाजवी पद्धतीने चालवण्याचा क्लबचा हक्क नोंदलेला होता आणि चाललेला खेळ वाजवी आहे का, हा प्रश्न ज्यूरीपुढे नीट ठेवलाच गेला नव्हता. आमच्या खरेदीखतातही तसंच कलम निघालं. सही करताना आम्ही ते वाचलं होतं, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. म्हणजे "आमच्याकडे चेंडू येतात" एवढं म्हणून भागणार नव्हतं. होलची आखणीच अशी आहे की नीट खेळूनही चेंडू येणारच, आणि ते टाळण्याचा परवडणारा मार्ग आहे, हे दाखवायला हवं होतं. तज्ज्ञाचं खरं काम हेच.

आता अहवालाचा गाभा. माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं असूनही त्यातल्या दोन गोष्टींनी मला चकित केलं.

पहिली उंचीची. गोल्फचा चेंडू नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा आणि कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा. ड्रायव्हरने (सगळ्यात लांब फटक्याच्या काठीने) मारल्यावर तो मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेत उलटी फिरकी खात निघतो. ही फिरकी आणि अंगावरचे खळगे त्याला हवेत उचलून धरतात, त्यामुळे दगड फेकल्यासारखा तो लगेच खाली वळत नाही. बराच वेळ चढत राहतो आणि शेवटी तीव्र उतारावरून यावा तसा खाली येतो. आमच्याकडे पोचणारे चेंडू जमिनीशी साधारण ४० अंशांचा कोन करून येत होते.

क्लबने आधी हद्दीवर आर्बरविटीच्या सदाहरित झाडांची रांग लावून द्यायची तयारी दाखवली होती, मग आणखी नमतं घेऊन तीस फुटी जाळीही देऊ केली होती. आम्ही जवळपास हो म्हटलं होतं. तज्ज्ञाने कागदावर एक त्रिकोण काढला. तीस फुटी जाळीच्या जेमतेम वरून ४० अंशांत उतरणारा चेंडू जाळीमागे ३६ फुटांवर जमिनीला टेकतो. आमचं डेक हद्दीपासून ३५ फुटांवर आहे. वरच्या मजल्याची खिडकी झाकायची तर जाळी साठ फुटांच्या आसपास लागली असती. तेवढे खांब, वाऱ्याचा भार, नगरपालिकेची परवानगी आणि डोळ्यांसमोर कायमची काळी भिंत. तो एक त्रिकोण आधी पाहिला असता तर क्लबशी पत्रापत्रीत आमचे चार महिने गेले नसते.

आघाताचा हिशोबही त्याने मांडला. उतरताना चेंडूचा वेग ताशी ६५ मैलांच्या आसपास धरला तर त्यात साधारण १९ ज्यूल ऊर्जा उरते. आपल्या माणसांना समजेल असं सांगते: सीझन बॉल चौथ्या मजल्यावरून टाकला तर खाली पोचताना त्यात जेवढा जोर असेल तेवढा. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते उठून आईजवळ जाऊन बसले.

दुसरी गोष्ट स्लाइसची. उजव्या हाताने खेळणाऱ्या हौशी खेळाडूचा क्लबफेस (काठीचा चेंडूला लागणारा सपाट भाग) फटक्याच्या दिशेच्या मानाने उघडा राहिला की फिरकीचा अक्ष कलतो आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. घर उजवीकडे म्हणजे स्लाइसच्या वाटेवर, हे कुणीही सांगेल. पण तज्ज्ञाने दाखवलं की हा वळसा अंतराबरोबर वाढत जातो. सुरुवातीला चेंडू जवळपास सरळ दिसतो, खरी बाजूची ओढ पुढच्या टप्प्यात दिसते. आमच्या घराचा कोपरा जुन्या टीपासून १९० यार्डांवर आणि मध्यरेषेपासून ५५ यार्ड उजवीकडे होता, म्हणजे टीवरून पाहिलं तर १६ अंशांवर. मैदानं आखणारे टीपासून दोन्ही बाजूंना सुमारे १५ अंशांचा पट्टा मोकळा ठेवायचा प्रयत्न करतात. आम्ही त्या पट्ट्याच्या काठावर, आणि तेही नेमके वळसा पूर्ण भरायला येतो त्या अंतरावर.

त्यावर त्याने सुचवलं की टी पन्नास यार्ड पुढे आणा. म्हणजे आमच्या घराच्या जवळ.

शेजारचे काका उठून उभेच राहिले. मलाही पटलं नाही. पण आकडे बघा. टी पुढे आली की घर १४० यार्डांवर येतं आणि कोन १६ वरून २१ अंशांवर जातो. जो स्लाइस १९० यार्डांवर १६ अंश बाजूला गेलेला असतो, तोच १४० यार्डांवर बाराच्या आसपास असतो. तो आमच्या रेषेपर्यंत येईतो घर मागे पडलेलं असतं आणि तो पुढच्या झाडीत उतरतो. उरतो तो सुरुवातीपासूनच भलत्या दिशेने सुटलेला चेंडू. तो जवळून येणार म्हणजे जोरातही येणार. त्याच्यासाठी टीपासून वीस यार्डांवर, उजव्या बाजूला पंचवीस फुटी जाळी. एवढ्या जवळ ड्रायव्हरचा चेंडू साधारण सोळा फूटच चढलेला असतो, त्यामुळे पंचवीस पुरतात. हद्दीवर साठ फूट उंच, शंभर यार्ड लांब भिंतीऐवजी टीशेजारी एक छोटी जाळी. क्लबच्या विमा कंपनीने इथे पहिल्यांदा मान डोलावली.

आता कुठे कमी पडलं तेही लिहायला हवं. पहिल्या मसुद्यात त्याने सरासरी खेळाडू गृहीत धरला होता. माझ्या वहीत मात्र निम्म्याहून जास्त चेंडू शनिवार-रविवार दुपारचे होते, आणि त्यातले बरेच बाहेरच्या पाहुण्या गटांच्या दिवशी आले होते. मी तसं लिहून पाठवल्यावर त्याने दोन वीकेंड टीवर रडार लावून खरेखुरे फटके मोजले आणि पुन्हा हजारो उड्डाणं संगणकावर चालवून पाहिली. मसुदा वाचून मी गप्प बसले असते तर ते झालं नसतं. तेव्हा अहवाल हातात आला की गृहीतकांचं पान आधी वाचा, निष्कर्षाचं नंतर. वेळही फार लागला. सप्टेंबरात नेमणूक, पक्का अहवाल फेब्रुवारीत. दावा लावण्याची मुदत जवळ आलेल्यांना हे परवडणार नाही. भाषाही जड होती. शेजारच्या काकांसाठी मी तीन पानांचा सोपा गोषवारा हाताने लिहिला, आणि पुढे क्लबच्या बैठकीत सदस्यांमध्ये तोच फिरला.

क्लबचे सदस्य नाराज होते, हेही सांगते. त्यांचा ३८५ यार्डांचा आवडता होल ३३५ चा झाला. काहींनी तिथे तीस-तीस वर्षं खेळ केला आहे. त्यांची हळहळ मला समजते. एक आजोबा स्वतः घरी आले, डेकवर उभं राहून त्यांनी टीकडे पाहिलं आणि पुढच्या बैठकीत बदलाच्या बाजूने हात वर केला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नवी टी सुरू झाली. अहवालाचा अंदाज होता, मोसमात १० ते २० चेंडू. ऑक्टोबर संपत आला, आमच्या हद्दीत १४ आले. खिडकी एकही नाही. छपरावर एक, मे महिन्यात, जोराचा पश्चिमेचा वारा होता त्या दिवशी. शेजारच्या दोन घरांपैकी एकाकडे जवळपास बंद झाले. दुसऱ्या घराकडे, जे पुढच्या अंगाला आहे, थोडे वाढले. अहवालात ही शक्यता एका परिच्छेदात होती, पण ठळक नव्हती. आम्ही तिघांनी पैसे सारखे भरले होते, त्यामुळे हे मला टोचतं. त्यांच्यासाठी चेंडू उतरायचा पट्टा डावीकडे सरकवून फेअरवेची कापणी बदलण्याचं बोलणं चालू आहे.

घ्यावा का? ज्यांच्याकडे महिन्याला एखादा चेंडू येतो त्यांनी एवढा खर्च करू नये, मोठ्या मनाच्या क्लबकडे टी थोडी सरकवायची विनंती पुरते. ज्यांच्या घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं मागच्या अंगणात वावरतात आणि चेंडू आठवड्याला येतात, त्यांनी जाळीवर, झाडांवर किंवा खिडक्यांच्या पडद्यांवर एक डॉलरही घालण्याआधी हे विश्लेषण करून घ्यावं. आणि तज्ज्ञाला फोन करण्याच्या आधी दोन महिने वही लिहावी.

एक गोष्ट मात्र अहवालातून पूर्ण निसटली. १४ पैकी ६ चेंडू हवेतून आलेच नाहीत. खेळाडूंच्या छोट्या गाड्यांच्या (कार्टच्या) डांबरी वाटेवर टप्पा घेऊन उसळून आले. सारी गणितं उड्डाणाची होती, टप्प्यानंतरचा विचार कुणीच केला नव्हता. मी जागांचा नकाशा काढून तज्ज्ञाला पाठवला. त्याने चूक मान्य केली, पैसे न घेता पुरवणी पान लिहून दिलं. मोसम संपला की वाटेचा तेवढा साठ फुटांचा तुकडा उखडून तिथे लाकडाचा भुसा टाकायचं क्लबने कबूल केलं आहे.

आई-बाबा मे महिन्यात पुन्हा येणार आहेत. तुळस आत स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. वही तिथेच, तिच्या शेजारी ठेवते.