परभणी ते कर्तव्यपथ, 100 रुपयाच्या तिकिटावर

26 जानेवारी 2026 ला आण्णांना, म्हणजे वडिलांना, घेऊन दिल्लीला परेड बघून आलो तेव्हापासून गल्लीतले लोक विचारायलेत, परेडचा पास कुठून मिळाला, कोणाची ओळख लावली, म्हणून एकदाच सविस्तर लिहायलो. ओळख कोणाचीच नाही. संरक्षण मंत्रालयाचं ‘आमंत्रण’ नावाचं पोर्टल आहे, तिथं परेडचं तिकीट 100 आणि 20 रुपयाला मिळतं, आणि माझा अनुभव सांगतो, पाचपैकी पाच स्टार.

आधी मी पण चुकीच्या रस्त्यानंच गेलो होतो. आमच्याकडच्या एका टूरवाल्यानं माणशी अडीच हजार सांगितले, वर म्हणतो व्हीआयपी पास आहे, आधार कार्डची गरज नाही. तिथंच मला शंका आली, कारण तिकीट ज्याच्या नावावर त्याचंच ओळखपत्र गेटवर बघतात, दुसऱ्याच्या नावाचं चालत नाही. कृपा करून असल्यांना पैसे देऊ नका.

यंदा विक्री 5 ते 14 जानेवारी होती, रोज सकाळी 9 ला सुरू आणि त्या दिवसाचा कोटा संपला की बंद. मी पहिल्याच दिवशी पावणेनऊपासून मोबाईल धरून बसलो, ओटीपी आला, दोघांचे आयडी नंबर टाकले, पैसे भरले, क्यूआर कोडवालं तिकीट हातात. आयडीचे नंबर आधीच कागदावर लिहून ठेवा, ऐनवेळी शोधत बसलात की कोटा गेला.

जायला आपली सचखंड एक्स्प्रेस. रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं म्हणजे 26 जानेवारीसाठी नोव्हेंबरातच काढून ठेवायचं, आणि यंदा 26 सोमवारी आल्यानं शनिवार-रविवार जोडून सगळेच निघाले होते. आम्ही 23 ची काढली. जानेवारीत तिकडं धुक्यानं गाड्या लेट होतात त्यामुळं 25 ला पोचायचा हिशोब धरूच नका, एक दिवस हातात ठेवा. वाटेत स्टेशनांवर शीख सेवेकरी लंगर देतात, गरम डाळ-भाजी-रोटी, ताट किंवा डबा मात्र आपला लागतो. आण्णांनी स्टीलचा डबा पुढं केला तर वाढणाऱ्यानं आधी हात जोडले आणि मग वाढलं. असं प्रेमानं मिळालेलं जेवण विसरत नाही माणूस.

लॉज पहाडगंजात घेतलं आणि त्यात फसलो. ऑनलाइन गीझर दाखवलेलं, प्रत्यक्षात 74 वर्षांच्या माणसाला दिल्लीच्या थंडीत गार पाणी, आणि भाडं ठरल्यापेक्षा जास्त मागितलं. बुकिंग करताना भाडं आणि गरम पाणी दोन्ही व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, फोनवरच्या बोलण्याला काही अर्थ नाही.

26 ला मेट्रो पहाटे तीनलाच सुरू होते, परेडचं तिकीट दाखवलं की भाडं पण लागत नाही. कोणत्या एन्क्लोजरला, म्हणजे बसायच्या विभागाला, कोणतं स्टेशन जवळ ते आदल्या रात्रीच बघून ठेवा. आत पिशवी, पाण्याची बाटली, खायचं काहीच चालत नाही. आईनं बांधून दिलेले धपाटे आणि शेंगाची चटणी आम्ही पहाटे स्टेशनबाहेर उभ्याउभ्याच खाल्ली. शुगर असलेल्यांनी तर पोटभर खाऊनच जा, कारण परेड साडेदहाला सुरू होते आणि बसून राहावं लागतं तासन्‌तास. स्वेटर, कानटोपी, मफलर सगळं अंगावरच.

यंदा एन्क्लोजरला नद्यांची नावं दिली होती. आमचं निघालं गोदावरी. आण्णा मूळ गोदाकाठच्या गंगाखेडचे, त्या पाटीपुढं थांबले, मफलर नीट केला, आणि पाटीला हात लावून नमस्कार केला. मागं लाइन होती पण कोणी काही बोललं नाही.

त्यांना 26 जानेवारीचं एवढं का, तर माझे आजोबा हैदराबाद मुक्तिसंग्रामात होते. आपल्याकडं 15 ऑगस्ट 1947 ला निजामाचंच राज्य होतं, आपण सुटलो 17 सप्टेंबर 1948 ला. आण्णा म्हणतात 26 जानेवारी 1950 हा पहिला सण जो मराठवाड्याला सगळ्या देशासोबत एकाच दिवशी मिळाला. राष्ट्रगीताला 21 तोफांची सलामी सुरू झाली तेव्हा मी त्यांच्याकडं बघितलं नाही, मलाच बोलता येत नव्हतं.

चित्ररथ लांबून नीट दिसले नाहीत तर हळहळू नका, 26 ते 31 जानेवारी लाल किल्ल्यावर भारत पर्व असतं, तिथं ते उभे केलेले असतात, प्रवेश फुकट. 2023 ला महाराष्ट्राच्या साडेतीन शक्तिपीठांच्या चित्ररथाला दुसरा नंबर मिळाला होता, त्यात आपली तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका. इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय युद्ध स्मारक पण फुकट आहे, आणि त्याला घाईत अर्धा तास देऊ नका. त्याग चक्रात ग्रॅनाइटवर एकेका जवानाचं नाव कोरलंय, आण्णा चष्मा पुसून पुसून मराठी आडनावं वाचत होते, आमचे दोन तास तिथंच गेले.

एक चूक मात्र झाली. 29 ला विजय चौकात बीटिंग रिट्रीट, म्हणजे सैन्याच्या बँडचा समारोपाचा कार्यक्रम असतो, त्याचं तिकीट पण याच पोर्टलवर 100 रुपयाला होतं, आणि आमची परतीची सचखंड 28 ची. तुम्ही परतीचं 30 चं काढा.