पाचशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर: काय दाखवतो आणि काय दाखवू शकत नाही

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न येतो, "स्कॅनिंग करायचं का?" त्याचे पैसे वेगळे. म्हणूनच 'ईएलएम३२७' नावाने विकली जाणारी काडेपेटीएवढी ब्लूटूथ डबी (ओबीडी म्हणजे गाडीची स्वतःचे दोष नोंदणारी यंत्रणा, तिचे कोड ही डबी मोबाइलवर दाखवते) आता बरेच गाडीवाले ऑनलाइन मागवतात. पाचशेच्या आत-बाहेर मिळते. घ्यावी का? जरूर घ्यावी. फक्त तिला काय दिसत नाही ते आधी समजून घ्यावं, कारण डॅशबोर्डवरचे सगळ्यात धोक्याचे दिवे नेमके तिच्या आवाक्याबाहेर आहेत.

मूळ ईएलएम३२७ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. तिच्या पहिल्या आवृत्तीला कॉपी होण्यापासून संरक्षण नव्हतं, त्यामुळे नकला निघाल्या. पुढे २०२२ मध्ये ती कंपनीच बंद झाली. आज या नावाने स्वस्तात मिळतं ते जवळपास सगळं नक्कल आहे. तेवढ्याने बिघडत नाही. बिघडतं ते प्रोटोकॉलमुळे, म्हणजे डबी आणि गाडीचा कॉम्प्युटर (ईसीयू) ज्या भाषेत बोलतात तिच्यामुळे. ओबीडी सॉकेटला १६ पिना असतात. ६ आणि १४ वर कॅन हा नवा प्रोटोकॉल, तर ७ वर जुनी के-लाइन. कॅनवाल्या गाडीत बहुतेक कुठलीही डबी चालते. के-लाइनवर चालणाऱ्या जुन्या गाडीत मात्र 'व्ही २.१' छापाच्या बऱ्याच डब्या ईसीयूशी बोलतच नाहीत आणि गिऱ्हाईक गाडीला दोष देत बसतं. आयफोन असेल तर साध्या ब्लूटूथची डबी घेऊ नका. वायफाय किंवा ब्लूटूथ एलई असलेलीच लागते.

वापर सोपा आहे. सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास असतं. डबी लावायची, चावी 'ऑन'वर, ब्लूटूथ जोडायचं (पिन १२३४ किंवा ००००), मग 'कार स्कॅनर' किंवा 'टॉर्क' ॲप उघडायचं. कोड दिसला की लगेच 'क्लिअर'वर बोट जातं. तिथेच थांबा. कोडसोबत 'फ्रीझ फ्रेम' साठवलेली असते: दोष नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिन किती तापलं होतं, वेग आणि लोड किती होता. क्लिअर केलं की तीही पुसली जाते, आणि मेकॅनिकच्या हातातला सगळ्यात चांगला पुरावा जातो. आधी दोन्हींचे स्क्रीनशॉट घ्या.

दुसरी गोष्ट, कोड पार्टचं नाव सांगत नाही, फक्त कुठे गडबड आहे ते सांगतो. पी०१७१ घ्या: मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. यावर अनेक ठिकाणी थेट ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, आणि आठवड्याभरात दिवा परत. खरं उत्तर लाइव्ह डेटात असतं. शॉर्ट आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिमची (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय त्या आकड्यांची) बेरीज बघा. साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलिंगला ती २०-२५ पर्यंत चढत असेल आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर कुठूनतरी जास्तीची हवा आत शिरतेय: फाटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट. उलट चढावर, लोडखाली वाढत असेल तर संशय फ्युएल पंप, फिल्टर किंवा मळलेल्या एअरफ्लो सेन्सरवर घ्यायचा. एवढी एक तपासणी नीट केली तरी डबीचे पैसे वसूल.

नंतर बसवलेलं सीएनजी किट असेल तर हीच तपासणी पेट्रोलवर एकदा आणि गॅसवर एकदा करा. पेट्रोलवर ट्रिम व्यवस्थित आणि गॅसवर बिघडलेली असेल, तर इंजिन ठीक आहे, किटचं ट्यूनिंग गेलंय. पी०२०१ ते पी०२०४ हे इंजेक्टर सर्किटचे कोड फक्त गॅसवरच येत असतील तर किटचा एम्युलेटर (गॅसवर असतानाही पेट्रोलचे इंजेक्टर चालू असल्याचं ईसीयूला भासवणारा भाग) आणि त्याच्या जोडण्या आधी बघायच्या, इंजेक्टर नंतर. आणि बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत सर्किटचे कोड अचानक एकापाठोपाठ एक आले, तर बॉनेट उघडून उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधा. सेन्सरच्या ऑर्डरची घाई नको.

पी०४२० हा खिशाला सगळ्यात महाग पडणारा कोड, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणारा भाग) बदलायला सांगितलं जातं. पेट्रोल गाडीत इंजिन पूर्ण गरम झाल्यावर कन्व्हर्टरमागच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज बघा. तो ०.६-०.७ च्या आसपास स्थिर असेल तर कन्व्हर्टर बहुधा काम करतोय. एक्झॉस्टची गळती तपासून घ्या. तो ०.१ ते ०.९ मध्ये सतत वर-खाली उड्या मारत असेल तर शंका खरी.

चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटलेला असेल तर जपून चालवत गॅरेज गाठता येतं. लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसफायर होतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतंय. तेव्हा ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. पावसाळ्यात पी०३०० ते पी०३०४ हे मिसफायरचे कोड आले तर प्लगच्या खळग्यात आणि इग्निशन कॉइलवर पाणी आहे का, ते पहिलं बघायचं.

आता डबी जिथे गप्प बसते तो भाग. ऑइल प्रेशरचा लाल दिवा बहुतेक साध्या गाड्यांत इंजिनवरच्या प्रेशर स्विचवर चालतो. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेकच्या आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतल्या फ्लोटच्या स्विचवर. यांचा पी-कोड बनेलच असं नाही. म्हणजे ॲप "नो फॉल्ट" दाखवतंय आणि ब्रेक ऑइल संपत आलंय, असं होऊ शकतं. हँडब्रेक पूर्ण खाली असूनही लाल दिवा असेल तर नुसतं ऑइल ओतून मोकळं होऊ नका. पॅड झिजले की पातळी आपोआप खाली जाते. पॅड चांगले असतील तर गळती शोधावी लागेल. ऑइल प्रेशरचा दिवा लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा, पुढच्या सिग्नलपर्यंतसुद्धा नेऊ नका. एबीएस आणि एअरबॅगचे कोड सी आणि बी अक्षराचे असतात. साध्या ओबीडी मोडमध्ये ते दिसत नाहीत, गाडीच्या ब्रँडचं प्रोफाइल निवडल्यावर काही गाड्यांत दिसतात. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना घरी हात लावू नका.

टायर, सस्पेन्शनचे बुश, स्टिअरिंगचा प्ले, दिवे, ब्रेकची पकड यांचा या डबीशी काहीच संबंध नाही. खाजगी गाडीला १५ वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी तपासणीला जावं लागतं, तेव्हा हेच सगळं बघतात. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. त्यामुळे पीयूसी पास म्हणजे गाडी धडधाकट, असा अर्थ काढू नये.

जुनी गाडी घेताना मात्र ही डबी खिशात असावीच. विकणाऱ्याने आदल्या दिवशी कोड पुसले असतील तर दिवा विझलेला दिसतो, पण 'रेडीनेस मॉनिटर' (गाडी स्वतःच्या करते त्या तपासण्या) अपूर्ण राहतात, कारण ते पूर्ण व्हायला गाडी वेगवेगळ्या वेगांत बरीच चालवावी लागते. 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' हा आकडाही बऱ्याच गाड्या देतात. तिथे १२ किलोमीटर दिसले तर आधी कारण विचारा, भावाचं नंतर बघू. मात्र बॅटरी नुकतीच बदलली असेल तरीही मॉनिटर अपूर्ण दिसू शकतात, तेवढी शंकेला जागा ठेवा.

डबी सॉकेटमध्ये कायमची ठेवू नका. १६ नंबरच्या पिनला चावी काढल्यावरही करंट असतो. समजा डबीने ४५ मिलिअँपिअर घेतले, तर दिवसाला साधारण एक अँपिअर-तास. लहान गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला तीन आठवडे उभं राहणं तेवढ्यानेच जड जातं. शिवाय काही गाड्यांत ती क्लचच्या पायाला लागते. कायम लावून ठेवायची असेल तर झोपेत जाण्याची सोय असलेले ओबीडीलिंकसारखे महागडे ॲडॅप्टर घ्यावेत.

स्वस्तातली घेतलीत तर परत करण्याची मुदत संपायच्या आत स्वतःच्या गाडीवर लावून बघा: संपर्क होतो का, आरपीएम, कूलंटचं तापमान आणि दोन्ही ट्रिम दिसतात का, दहा मिनिटांत कनेक्शन तुटतं का. यातलं एकही अडलं तर तेव्हाच परत पाठवा.