अ‍ॅलिगेटर की ड्वार्फ केमन? सांभाळायची खरी तयारी असलेल्यांसाठी

मगरींच्या कुळातला प्राणी सांभाळायचा असं मनाशी पक्कं केलेल्या माणसाला बहुतेक जण एकच सल्ला देतात: ड्वार्फ केमन घे, तो लहान राहतो. सल्ला चुकीचा नाही. पण तो आणि अमेरिकेतला थोराड अ‍ॅलिगेटर, या दोन्ही प्राण्यांची देखभाल जवळून केल्यावर मी अ‍ॅलिगेटर निवडला, तोही मादी, आणि अजून तरी त्या निवडीबद्दल मनात किंतु नाही. तुमची परिस्थिती वेगळी असू शकते, म्हणून केमन कुठे सरस ठरतो तेही सांगतो.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. भारतात हा प्रश्नच उद्भवत नाही. मगर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि सुसर या आपल्या तिन्ही जाती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पिल्लू सापडलं तरी वन खात्याला कळवायचं, घरी आणायचं नाही. हे लिहितोय ते अमेरिकेत राहणाऱ्या आणि परवाना मिळू शकेल अशांसाठी. तिथेही राज्यागणिक नियम बदलतात; कुठे परवान्यावर चालतं, कुठे खासगी माणसाला मुळीच परवानगी नाही. कागदपत्रांच्या बाबतीत या दोघांत डावं-उजवं करण्यासारखं फारसं नाही. अ‍ॅलिगेटर १९६७ साली संकटग्रस्तांच्या यादीत गेला आणि १९८७ साली सावरल्याचं जाहीर झालं, पण इतर दुर्मिळ मगरींसारखा दिसतो म्हणून त्याच्या व्यापारावर अमेरिकेच्या केंद्र सरकारचं लक्ष आजही आहे. केमनचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइट्स कराराखाली (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) येतो. आणि परवाना एकदा हातात पडला की सुटलो, असंही नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्बर्गमध्ये मार्च २०२४ मध्ये पर्यावरण खात्याची माणसं एका घरातून सुमारे ११ फुटी, ७५० पौंडांचा, तिशी ओलांडलेला अ‍ॅलिगेटर घेऊन गेली. परवान्याची मुदत २०२१ मध्येच संपली होती.

लांबी-रुंदीचे आकडे तुम्ही वाचलेले असणारच. एवढंच म्हणेन की तुलना करताना ‘अ‍ॅलिगेटर’ असा एकच प्राणी धरू नका. नर साडेतीन-चार मीटरपर्यंत जातो, मादी सहसा तीन मीटरच्या आत राहते, आणि लांबीपेक्षा वजन फार झपाट्याने चढतं. सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने नर आणि मादी हे जवळपास दोन वेगळे प्राणी आहेत. यात नशिबावर हवाला ठेवावा लागत नाही, कारण पिल्लू नर होणार की मादी हे अंड्याच्या तापमानावर ठरतं: ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उबवली तर माद्या, ३३च्या आसपास उबवली तर नर. जिथे अंडी यंत्रात उबवतात तिथे तापमानाची नोंद असते. ती मागून घ्या. ड्वार्फ केमनचा नर दीड मीटरच्या आसपास थांबतो, मादी त्याहून लहान. या मुद्द्यावर केमनची बाजू भक्कम आहे आणि ती तशीच मान्य केली पाहिजे.

थंडीच्या बाबतीत पारडं उलट फिरतं. ड्वार्फ केमन अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतला. गारठा त्याला सोसत नाही. अ‍ॅलिगेटर नॉर्थ कॅरोलायनाच्या दलदलीत पाणी गोठलं तर नाकपुड्या बर्फाच्या वर ठेवून तसाच पडून राहतो. पाळलेल्या जनावराला असं दिवस काढायला लावावं असं मी म्हणत नाही. पण हिवाळ्यात रात्री वीज गेली तर केमनच्या मालकाला त्याच क्षणी जनरेटरकडे धावावं लागतं, आणि अ‍ॅलिगेटरच्या मालकाला सकाळपर्यंत सवड असते.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण दोघांचं सारखंच आहे. अख्खा प्राणी, हाडांसकट. नुसतं मांस भरवत राहिलात तर कॅल्शियम कमी पडतं, जबडा मऊ होतो, दात वाकडे यायला लागतात, आणि हे लक्षात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. मोठ्या जनावराला आठवड्यातून एक-दोनदा खाणं पुरतं. लाडाने जास्त घालणं हा लाड नव्हे.

आता हौद. इथे मात्र घाई करू नका, कारण सगळा पैसा आणि सगळी कंबरदुखी इथेच आहे. तळाला नीट उतार द्या आणि सर्वांत खोल जागी रुंद निचरा ठेवा, म्हणजे पाणी एका दमात बाहेर पडेल. माझा अनुभव असा की फिल्टर पाणी नितळ दाखवतो, पण वास जात नाही. खाल्ल्यानंतरच्या घाणीला पाणी बदलणं हाच उपाय. आतून घोटाई केलेलं गुळगुळीत सिमेंट हवं. खरखरीत गिलावा राहिला तर पोटाची कातडी आणि तळवे सोलतात, आणि अशा जखमा सतत ओल्या राहिल्याने भरता भरत नाहीत. जनावर पूर्ण बुडेल इतकी खोली, सहज वळता येईल इतकी रुंदी, आणि पाण्याइतकीच कोरडी, उन्हाची किंवा दिव्याची जागा. दोन कप्पे आणि मध्ये बाहेरून ओढता येणारा सरकता दरवाजा, ही गोष्ट मी अटळ मानतो: जनावर एका कप्प्यात बंद, तेव्हा माणूस दुसऱ्यात. हा दरवाजा नसेल तर बाकीचं बांधकाम कितीही देखणं असलं तरी ते अपुरं आहे. कुंपणालाही वरून आतल्या बाजूला झुकता भाग हवा, कारण हे प्राणी जाळीवर चढतात. केमनला हे सगळं लहान मापात पुरतं, आणि लहान माप म्हणजे कमी पाणी, कमी घासणं. हा फायदा रोज जाणवणारा आहे.

मग कौल अ‍ॅलिगेटरच्या बाजूने का लागला? केमन दिसत नाही म्हणून.

वाचायला किरकोळ वाटेल, पण माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. मी ज्याची देखभाल करत होतो तो केमन दिवसभर लाकडाच्या ओंडक्याखाली तोंड आत करून बसायचा. बाहेर दिसायचं ते शेपटीचं टोक आणि मागच्या पायाची टाच. कडी वाजली की पाण्यात एक धपका, गढूळ लाट, आणि मग तेही दिसायचं नाही. रात्री ठेवलेलं खाणं सकाळी नसायचं. पण ते त्याने गिळलं की ओंडक्याखाली कुजतंय, हे हात घालून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. एकदा हौद रिकामा करून त्याला बाहेर घेतलं तेव्हा नाकपुड्यांच्या खाली, जबड्याच्या अगदी टोकाला, कातडी घासून गुलाबी मांस दिसत होतं. रात्री जाळीला तोंड घासत फिरण्याचा तो परिणाम होता. जखम ताजी नव्हती. तिच्यावर औषध लावायचं म्हणजे पुन्हा धरपकड, आणि धरपकडीनंतर तो बरेच दिवस खाण्याला तोंड लावायचा नाही. मगरवर्गातले प्राणी दुखणं शेवटपर्यंत अंगावर काढतात. त्यातही जो प्राणी समोरच येत नाही त्याचं दुखणं ओळखायचं कसं? रोज त्याच काळजीने घरी परतणं मला झेपेना.

अ‍ॅलिगेटरची गोष्ट वेगळी निघाली. लांब काठीच्या टोकाला रंगीत चेंडू. चेंडूला नाक लावलं की खाणं. हे शिक्षण अनेक प्राणिसंग्रहालयांत देतात आणि अ‍ॅलिगेटर ते फार लवकर उचलतो. आता माझी मादी चेंडू दिसला की आपणहून कट्ट्यावर येते आणि वजनकाट्यावरच्या फळीवर थांबते. जाळीच्या अलीकडून मला तिचे दात, हिरड्या, डोळ्यांवर ओढला जाणारा पारदर्शक पडदा, तळवे असं सगळं पाहता येतं. शेपटीचा बुंधा भरलेला आहे की आत गेलाय, यावरून अंगाने कशी आहे ते कळतं. मागे एका तळव्यावर चट्टा आला तो सुरुवातीलाच दिसला, तिला पकडावंही लागलं नाही.

याला प्रेम समजू नका. तिला चेंडू आणि खाणं यांचा संबंध कळलाय, एवढंच. म्हणून हाताने कधीही भरवायचं नाही. नाहीतर संबंध हाताशी जुळतो. केमनच्या चाव्याला टाके पडतील, मोठ्या अ‍ॅलिगेटरच्या चाव्यात हात जाऊ शकतो, आणि हा फरक माझ्या पसंतीने पुसला जात नाही. पिल्लापासून अतिशय शांतपणे वाढवलेले काही केमनही बुजरेपणा सोडतात असं जाणकार सांगतात. मला तसा भेटला नाही, पण त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवायचं कारण नाही.

केमनकडे झुकायला लावेल असं आणखी एक कारण आहे, आणि तेच सर्वांत गंभीर वाटतं: तुमच्यानंतर काय? बेलग्रेडच्या प्राणिसंग्रहालयातला मूया नावाचा अ‍ॅलिगेटर तिथे १९३७ साली आला आणि दुसरं महायुद्ध पाहून पुढे कित्येक दशकं जगला. दोन्ही जाती दीर्घायुषी. पण दीड मीटरच्या प्राण्याला नवं घर मिळणं तीन मीटरच्या प्राण्यापेक्षा सोपं. घर न मिळाल्यावर काय होतं ते ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये दिसलं. कोणीतरी सोडून दिलेली चार फुटी अ‍ॅलिगेटर मादी थंडीने बधिर झालेली सापडली. वजन जेमतेम १५ पौंड, आणि पोटात बाथटबचं बूच. वाचवण्याचे सगळे प्रयत्न झाले, तरी एप्रिलमध्ये ती गेली.

म्हणून जागा लहान असेल, वर्षभर उष्णता राखायची पक्की सोय असेल आणि प्राणी क्वचितच दिसला तरी चालणार असेल, तर केमन घ्या. त्याला खोल कपार, मंद उजेड आणि कडीचा आवाज होणार नाही असा दरवाजा द्या. अंगण मोठं असेल आणि दोन कप्प्यांचा हौद आधीच बांधून, पाणी भरून, निचरा तपासून झाला असेल, तर माझं मत मादी अ‍ॅलिगेटरला. तीही शक्यतो पिल्लू नको. सांभाळकेंद्रांत लोकांनी आणून सोडलेल्या अर्धवट वाढलेल्या माद्या असतात. त्यांचा स्वभाव कळलेला असतो, आणि विचारलंत तर त्या चेंडूला येतात का हे केंद्रातली माणसं समोर दाखवतात.