आठवी-नववीच्या मुलांसाठी पहिली फँटसी: 'हॉबिट' की 'अर्थसी'?

मुलाला फँटसी वाचायचीय म्हटलं की घरातलं कुणीतरी हौसेनं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही खंड आणून समोर ठेवतं. तेरा-चौदाव्या वर्षी ही सुरुवात जड जाते. सुरुवातीला म्हाताऱ्या बिल्बोचा वाढदिवस होतो; त्यानंतर कथेचा नायक फ्रोडो घर सोडतो तो सतरा वर्षांनी, आणि तोवर वाचणाऱ्यालाही धीर धरावा लागतो. पहिलं पुस्तक निवडायचं तर ते टॉल्किनच्याच 'द हॉबिट' (१९३७) आणि अर्सुला ले ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) यांतून.

'हॉबिट' गप्पा मारत पुढे जातं. काळोख्या गुहेत नायक बिल्बो आणि तिथं राहणारा गॉलम नावाचा विचित्र प्राणी एकमेकांना कोडी घालतात; बिल्बो हरला तर गॉलम त्याला खाणार. हे प्रकरण घरात मोठ्यानं वाचा, धाकटी भावंडंही येऊन बसतील. गोव्यात चौथीपर्यंत मराठीत शिकून पाचवीला इंग्रजीत गेलेल्या मुलांना ही सांगण्याची ढब सोपी पडते. उणीव एकच, पण मोठी: या साहसात एकही मुलगी नाही.

'अर्थसी' पानांनी लहान, पण भाषा घट्ट. संवाद कमी, म्हणून सावकाश वाचावं लागतं. तरीही मला ते जास्त मोलाचं वाटतं. गेड हा बेटावरचा, शेळ्या राखणारा, तांबूस-सावळ्या रंगाचा मुलगा. जादूच्या शाळेत जॅस्पर नावाचा मुलगा त्याला डिवचतो. जॅस्परला खाली पाहायला लावायच्या ईर्ष्येनं गेड मेलेल्या स्त्रीचा आत्मा बोलावतो आणि त्यामुळे पडलेल्या फटीतून एक सावली बाहेर पडून त्याचा चेहरा फाडते. पुढचं सगळं पुस्तक त्या सावलीशी झुंज आहे. वर्गातल्या एका टोमण्यानं रात्रभर झोप उडते त्या वयात हे थेट भिडतं. शिवाय सगळीकडे बेटं, होड्या, खारा वारा. गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या फेरीबोटीतून शाळेला जाणाऱ्या मुलाला ते जग परकं वाटणार नाही. या पुस्तकातही मुली मागेच राहतात, पण दुसऱ्या भागाची, 'द टूम्ब्स ऑफ अ‍ॅटुआन'ची, नायिका टेनार आहे. मुलीला तोही जरूर द्या.

व्हिडिओ गेममध्ये रमणाऱ्यांना ब्रँडन सँडरसनचं 'मिस्टबॉर्न' (२००६) आवडेल. त्यात धातू गिळून शक्ती मिळवतात आणि प्रत्येक धातूचा नियम ठरलेला. मात्र गुलामी आणि रक्तपात बराच आहे, दहावीनंतर द्या. 'गेम ऑफ थ्रोन्स' तर आणखी थांबू दे.

इंग्रजीचा कंटाळा असेल तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादात 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं मराठीत आहे. लांबी तेवढीच, पण भाषेचा अडसर नाही.

वाचनाची गोडी अजून लागायची असेल तर 'हॉबिट'. एकटं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसणारं मूल असेल तर 'अर्थसी'. विकत घेण्याआधी मुलालाच पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात घेऊन जा, दोन्हींची पहिली दहा पानं तिथंच वाचू दे आणि गणेश चवथीच्या सुट्टीसाठी कुठलं न्यायचं ते त्यालाच ठरवू दे.