बेळगावचं आदण आणि दोन-तीनशेचा थर्मामीटर

बेळगावात पाणी खरंच १०० अंश सेल्सिअसला उकळतं का? शाळेतल्या उत्तरावर समाधान होत नसेल तर स्टीलच्या लांब काडीचा डिजिटल थर्मामीटर घ्या. ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळतो. उणे ५० ते ३०० अंशांपर्यंत मोजतो आणि दशांशापर्यंत आकडा दाखवतो. हमी मात्र अधिक-उणे १ अंशाचीच असते. पडद्यावरच्या दशांशाला भुलू नका.

आधी शून्य तपासा. बर्फ ठेचून पेला गच्च भरा, फटी भरतील इतकंच पाणी ओता. बर्फ तरंगायला लागला म्हणजे पाणी जास्त झालं. मग तळाचं पाणी ४ अंशांपर्यंतही असू शकतं. टोक मधोमध ठेवून ढवळत राहा, दोनेक मिनिटांत आकडा स्थिरावतो. ०.६ आला तर तो टिपून ठेवा, पण उकळत्या पाण्यातूनही तेवढाच वजा करू नका. आतला थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा भाग, बर्फात आणि उकळीत सारखाच चुकेल असं नाही.

आता आदण. पाणी खळखळून उकळू द्या, टोक तळापासून दोन बोटं वर ठेवा. तळाला टेकलं की आकडा फुगतो. काडी तिरपी धरा, थर्मामीटरची पडद्याची मूठ वाफेवर नको. मुठीत वाफ शिरली की पडदा धुरकटतो, कधी कायमचा जातो. या वस्तूची सगळ्यात वाईट खोड हीच.

बेळगावची उंची सुमारे ७५० मीटर, हवेचा दाब साधारण ९२५ हेक्टोपास्कल. समुद्रसपाटीपेक्षा दाब कमी, म्हणून पाणी कमी अंशांना उकळतं: उकळी ९७.५ अंशांच्या आसपास यायला हवी. ९६.५ ते ९८.५ मधलं काहीही आलं तर नग चांगला. हवामान ॲपमधला हजाराच्या वरचा दाब हिशेबात धरू नका. तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, आणि त्यामुळे चांगल्या थर्मामीटरवर उगाच ठपका येतो.

तुलनेसाठी मात्र वस्तू झकास. हाच थर्मामीटर चोर्ला घाट उतरून पणजीला नेलात तर उकळी अडीच अंशांनी चढलेली दिसेल. बेळगाव-खानापूरचा फरक मात्र त्याला विचारू नका. १०० मीटरला जेमतेम ०.३ अंश पडतो. लिटरभर पाण्यात चमचाभर, म्हणजे ६ ग्रॅम, मीठ टाकून उकळी वाढते का हेही नको. वाढ ०.१ अंशाची, ती कळणार कशी?

स्वयंपाकात खरा उपयोग पाकाचा. पुस्तकात ११२ अंश लिहिलं असेल तर इथे १०९.५ लाच थांबा, नाहीतर पाक पुढे जातो. कुकरमध्ये काडी घालायचा प्रयत्न अजिबात करू नका. तिथे गरजही नाही: शिट्टीचं वजन बाहेरच्या हवेच्या दाबावर दर चौरस सेंटीमीटरला आणखी १ किलोचा दाब चढवतं, त्यामुळे उघड्या पातेल्यातला अडीच अंशांचा तोटा कुकरमध्ये दीड अंशाच्या आत येतो.

बटन सेल एलआर-४४ लागतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो. पडद्यावरचे आकडे फिके पडले की लगेच बदला.