शोभेच्या झाडांसाठी गांडूळखत: एकाच रोपवाटिकेच्या दोन पिशव्यांचा अनुभव

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेल्या कुंड्या हलक्या राहतात आणि ओलावाही चांगला धरतात. पण कोकोपीटमध्ये झाडाला पोसणारे नत्र जवळजवळ नसतेच, त्यामुळे आणताना टवटवीत असलेले क्रोटन काही महिन्यांत खालच्या पानांपासून पिवळे पडू लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी मी गेल्या जूनमध्ये पुण्याजवळच्या एका रोपवाटिकेतून गांडूळखताची १० किलोची पिशवी आणली.

खत उत्तम निघाले. रंग काळसर, दाणा चहाच्या भुकटीसारखा सुटा आणि वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा. पिशवीवर छापलेले निम्म्यास निम्मे प्रमाण मात्र मला मुळीच मान्य नाही. खताचे बारीक कण मिश्रणातील पोकळ्या बुजवतात, निचरा मंदावतो, मुळांना हवा मिळत नाही आणि क्षार साचून कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. मी आकारमानाने एक भाग खत, दोन भाग कोकोपीट आणि एक भाग परलाइट (निचऱ्यासाठी घालतात ते हलके पांढरे खडे) असे मिश्रण केले. दिवाळीपर्यंत क्रोटनच्या नव्या पानांवर गडद रंग आला आणि मनी प्लांटची पाने आधीपेक्षा रुंद झाली. शेवंतीला मात्र कळ्या धरण्याच्या दिवसांत एवढे पुरले नाही, कारण खतातील बहुतेक नत्र सेंद्रिय रूपात बांधलेले असते आणि सूक्ष्मजीव ते सावकाश मोकळे करतात. तिला दर पंधरा दिवसांनी पातळ द्रवखत द्यावे लागले. अडेनियमसारख्या, मुळांशी कोरडेपणा लागणाऱ्या झाडाला तर मी दहाव्या भागाहून जास्त खत घालत नाही.

जानेवारीत आणलेल्या दुसऱ्या पिशवीने निराशा केली. आवरण तेच होते, पण आतले खत चिकट आणि हाताला कोमट लागत होते, आणि त्याला नाकात झोंबणारा अमोनियाचा वास होता. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे गांडूळखतात सेंद्रिय कर्ब (कार्बन) किमान १८ टक्के आणि नत्र किमान १ टक्का असावे लागते. तथापि हे आकडे छापलेले असले, तरी खत पुरते कुजले आहे की नाही, हे त्यांवरून कळत नाही. अर्धवट कुजलेले खत कुंडीतच कुजत राहते, मुळांचा प्राणवायू ओढून घेते आणि त्यात कर्ब जास्त असेल तर झाडाच्या वाट्याचे नत्रही सूक्ष्मजीवच वापरून टाकतात. खात्रीसाठी मी ओलसर खतावर अळीव पेरले. शेजारच्या वाटीतील कोकोपीटवर चार दिवसांत हिरवी लव दिसली, खतावर मात्र मोजकेच दाणे उगवले आणि तेही टोकाशी करपले.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत, पुढच्या खरेदीत सवलत देऊ केली. मी ती घेतली नाही. ते खत मी गच्चीवर सावलीत गोणपाटाखाली पसरून, अधूनमधून वरखाली करत दोन महिने मुरू दिले. त्यानंतर पेरलेले अळीव व्यवस्थित उगवले, तेव्हाच ते जास्वंदीच्या कुंड्यांत घातले.