टाकीचं सर्किट टाकायचं कुठे?

गच्चीवरची टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारं यंत्र मी दोन वर्षांपूर्वी घरी जुळवलं. ईएसपी८२६६ चा बोर्ड (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा वायफाय बोर्ड), पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर, एक रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटार चालू-बंद करणारा स्विच, आणि सेन्सर अडकवायला थ्रीडी प्रिंटरवर काढलेला क्लॅम्प. चाललं. मग हौसेनं सगळं नेटवर टाकलं, आणि कुठे टाकावं ते ठरेना म्हणून चार ठिकाणी टाकलं. त्यामुळे आता कुणी "मी एक वस्तू केलीय, कुठे टाकू?" असं विचारलं, की मी आधी विचारतो: तुमची चूक कुणी काढावी असं वाटतं? जागा त्यावर ठरते.

इन्स्ट्रक्टेबल्स ही २००५ पासूनची साइट, २०११ मध्ये ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीने घेतली. तिथे एकेक पायरी, प्रत्येक पायरीला फोटो, अशी मांडणी असते. शिवणकामापासून सोल्डरिंगपर्यंत सगळं एकाच छपराखाली. तिथे येणारा माणूस तुमची फाइल उघडून बघत नाही, तो वस्तू करून बघतो. हाच तिचा खरा फायदा. एकाने माझं सर्किट जसंच्या तसं जोडलं आणि त्याची टाकी भरून वाहत राहिली. त्याने विचारलं, "टाकी भरल्यावर पाणी आणि सेन्सर यांत किती अंतर राहतं?" तिथे गोम होती. हा सेन्सर साधारण २० सेंटिमीटरच्या आतलं अंतर मोजू शकत नाही, तेवढ्यात पाणी आलं की काहीही आकडे फेकतो. माझ्या टाकीचं तोंड उंच, त्यामुळे पाणी तिथवर पोचतच नव्हतं. त्याचं झाकण पाण्याला टेकलेलं. माझ्या घरात ही चूक मला जन्मात सापडली नसती.

पण तिथे सुधारणा जमा होत नाहीत. पाच जणांनी पाच युक्त्या सांगितल्या तर त्या प्रतिक्रियांमध्ये खाली खाली जातात, आणि मूळ मजकूर तुम्हालाच बसून बदलावा लागतो. बदलला की आधीचा कसा होता हे वाचणाऱ्याला दिसत नाही. मी तीनदा बदलला, चौथ्यांदा कंटाळा केला.

गिटहब नेमकं याच कामासाठी आहे. २००८ मध्ये सुरू झालं, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं. तिथे कुणीही तुमच्या प्रकल्पाची आपली प्रत करून घेतो, तिच्यात दुरुस्ती करतो आणि "ही घ्या" म्हणून परत पाठवतो. तिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. मला आलेली पहिली पुल रिक्वेस्ट एका ओळीची होती. रिले मी बोर्डाच्या डी८ या पिनवर लावला होता, त्याने डी१ वर नेला, आणि खाली कारण लिहिलं: बोर्ड सुरू होताना डी८ खाली, म्हणजे शून्याकडे असावी लागते, आणि माझ्यासारखं रिले मॉड्यूल तिला वर ओढतं. लाइट जाऊन आली की माझा बोर्ड कधी उठायचा, कधी नाही. सहा महिने मी ॲडॉप्टरला शिव्या घालत होतो, दोन बदललेही. ती दुरुस्ती मी एका क्लिकवर आत घेतली. कुणी केली, कधी केली, का केली, सगळं तिथे नोंदलेलं आहे.

मात्र गिटहबवर माणसं कोड बघायला येतात. सुताराला किंवा शिवणकाम करणाऱ्या मावशींना तिकडे पाठवलंत तर त्या पहिल्याच पानावरून परततील, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. कीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये आखलेला पीसीबी, म्हणजे सर्किटची छापील पट्टी, हीही तिथे ठेवता येते, पण दोन आवृत्त्यांत नेमकं काय बदललं ते ओळी वाचून समजत नाही, सोबत फोटो लागतोच.

प्रिंट करायच्या भागांसाठी थिंगिव्हर्स किंवा प्रिंटेबल्स. दोन्हीकडे "रीमिक्स"ची सोय आहे, म्हणजे तुमच्या क्लॅम्पवरून दुसऱ्याने केलेला क्लॅम्प तुमच्या नावाशी जोडलेला राहतो. नुसती एसटीएल, म्हणजे प्रिंटसाठीची तयार फाइल, टाकू नका. ती म्हणजे त्रिकोणांची जाळी. भोक १६ मिलिमीटरचं २० करायचं तरी समोरचा घामाघूम होतो. ज्यात आकार काढला त्या फ्रीकॅडची किंवा ओपनएससीएडीची मूळ फाइल सोबत द्या.

यूट्यूबवर मराठीत बोललात तर तुमचं म्हणणं गावापर्यंत जातं, तिथे इतर तिन्ही जागा पोचत नाहीत. पण चुकीची वायर दाखवलेला व्हिडिओ तीच लिंक ठेवून बदलता येत नाही. वर एक प्रतिक्रिया पिन करायची आणि लोक ती वाचतील अशी आशा धरायची. व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल फार लिहीत नाही. उत्तर दहा मिनिटांत मिळतं आणि पुढच्या आठवड्यात शोधलं तर सापडत नाही.

आणि सगळ्यात धोक्याची चूक या चारपैकी एकाही ठिकाणी कुणी काढली नाही. ती काढली आमच्या गल्लीतल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याने. डबा हातात घेऊन, झाकण उघडून तो म्हणाला, "सर, हा निळा रिले चिकटणार बघा. एक एचपीची मोटार सुरू होताना किती ओढते! कॉन्टॅक्टर टाका." कॉन्टॅक्टर म्हणजे मोटारीसाठीचा दणकट रिले. रिलेवर १० अँपिअर छापलेलं, मोटार चालताना पाच-सहाच घेते, म्हणून मी निर्धास्त होतो. सुरू होतानाचा झटका त्याच्या कितीतरी पट असतो. रिले चिकटला की बोर्डाने कितीही सांगितलं तरी मोटार थांबत नाही. म्हणून २३० व्होल्टशी संबंध येणारी कुठलीही वस्तू नेटवर टाकण्याआधी एका जाणत्या हाताखालून घाला. पुण्याच्या आसपास असाल तर पाबळचा विज्ञान आश्रम आहे. डॉ. कलबागांनी तो १९८३ मध्ये सुरू केला, आणि अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे वस्तू स्वतः करून बघायच्या कार्यशाळांपैकी, एक २००२ मध्ये तिथे उभी राहिली.

आता माझं मत. करून बघण्यासारखी वस्तू असेल, फोटोंतून समजत असेल, तर इन्स्ट्रक्टेबल्सपासून सुरुवात करा. तिच्यात कोड असेल आणि दुसऱ्या माणसाने पहिला बदल सुचवला, तर त्याच दिवशी फाइली गिटहबवर न्या आणि पायऱ्यांच्या पानावर तिची लिंक द्या. पहिल्या दिवसापासून दोन्ही सांभाळायला जाऊ नका. मी गेलो, आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या पिन छापलेल्या राहिल्या. मूळ प्रत मात्र कायम आपल्या डिस्कवर ठेवा. २०१२ मध्ये, थिंगिव्हर्स तेव्हा चालवणाऱ्या मेकरबॉट कंपनीने आपल्या नव्या थ्रीडी प्रिंटरचं डिझाइन बंदिस्त केलं, तेव्हा चिडून अनेकांनी थिंगिव्हर्सवरची आपली डिझाइन्स काढून घेतली होती. ती वापरणाऱ्यांपैकी ज्यांच्यापाशी प्रत नव्हती, त्यांच्या हाती काही उरलं नाही.

परवान्याची, म्हणजे आपलं काम इतरांनी कसं वापरायचं त्या नियमांची, गोष्ट लोक शेवटच्या मिनिटाला, डोळे मिटून उरकतात. गिटहबवर परवाना लिहिलाच नाही, तर लोक बघू शकतात, पण वापरायचा हक्क त्यांना धड मिळत नाही. मी "व्यापारी वापर नको" असलेला क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना निवडला होता, उगाच शहाणपणा म्हणून. रिवाइंडिंगवाल्याने विचारलं, "अशी चार-पाच बनवून गिऱ्हाइकांना विकली तर चालतील का?" आणि मला माझाच नियम मोडल्याशिवाय हो म्हणता येईना. मग कोडला एमआयटी नावाचा मोकळा परवाना आणि सर्किटला सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचा ओपन हार्डवेअर परवाना लावला. सर्नच्या परवान्याची दुसरी आवृत्ती २०२० ची, तीन प्रकारांत येते. मी त्यातला कडक प्रकार घेतला, म्हणजे विका बिनधास्त, पण डिझाइनमध्ये बदल केलात तर तोही उघडा ठेवा.

आता त्याच्या दुकानात तीन डबे टांगलेले आहेत. त्यातल्या एकात त्याने अल्ट्रासॉनिक काढून साधा फ्लोट स्विच बसवलाय आणि तो माझ्यापेक्षा बरा चालतो. गिटहब वगैरे त्याला नको. रविवारी मीच जाऊन फोटो काढणार आहे.